कानाला दडे बसले म्हणून इअर कँडल लावू नका

सर्दी असताना विमानातून उतरलं की कानाला दडे बसतात. दोन-तीन दिवस ते सुटले नाहीत की माणूस वैतागतो, आणि इअर कँडलवाल्यांना असंच गिऱ्हाईक हवं असतं. पार्लरमध्ये, स्पामध्ये, ऑनलाइन दुकानांत ही कँडल सर्रास मिळते.

कुशीवर झोपवून मेणात भिजवलेल्या कापडाची पोकळ नळी कानात बसवतात आणि वरचं टोक पेटवतात. ज्योतीमुळे आत ओढ तयार होऊन मळ वर खेचला जातो, असं सांगतात. शेवटी उरलेलं थोटूक उभं चिरून आतला पिवळट-तपकिरी चिकट गोळा दाखवतात. तो बघून माणूस हादरतो आणि दुसऱ्या कानाचेही पैसे काढून देतो.

तो गोळा कँडलच्याच मेणाचा आणि जळक्या कापडाचा असतो. नवी कँडल नुसत्या रिकाम्या ग्लासावर धरून जाळली, तरी तोच गोळा मिळतो. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ओढ मोजून पाहिली, ती तयारच होत नव्हती. त्याच अभ्यासात 122 कानतज्ज्ञांकडे चौकशी केली, तेव्हा 21 इजा पुढे आल्या: बहुतेक भाजल्याच्या, काही कानात मेण ओघळून बुजल्याच्या, एक पडदा फाटल्याची. रस्त्यावर कान कोरून 'खडा' काढून दाखवणाऱ्यांचीही हीच तऱ्हा. खडा आधीपासून त्यांच्या हातात असतो.

मुळात सर्दीतला किंवा विमानातला दडा पडद्याच्या आतल्या बाजूला असतो. मधल्या कानातून नाकाच्या मागे जाणारी सुमारे साडेतीन सेंटिमीटरची युस्टेशियन नळी सुजून बंद होते. मग मधल्या कानातली हवा हळूहळू शोषली जाते, विमान उतरताना बाहेरचा दाबही वाढतो, आणि पडदा आत ओढला जातो. पडदा शाबूत असताना बाहेरून काहीही लावून ही नळी उघडत नाही. ती गिळताना आणि जांभई देताना उघडते. म्हणून विमान खाली येऊ लागताच, दुखायची वाट न पाहता, घोट घोट पाणी प्या. नाक चिमटीत धरून गिळा, किंवा नाक तसंच धरून, तोंड मिटून नाकात हवेचा अगदी हलका दाब द्या. जोर लावू नका, पडद्याला इजा होते. तान्ह्या बाळाला उतरताना दूध पाजावं, झोपू देऊ नये.

मळाचा दडा वेगळा. तो बऱ्याचदा आंघोळीनंतर पाणी शिरून मळ फुगला की अचानक बसतो. कान वाहत नसेल, दुखत नसेल आणि पडद्याला भोक नसेल, तरच कोमट ऑलिव्ह तेलाचे 2-3 थेंब दिवसातून दोनदा, 3 ते 5 दिवस घाला. इअरबडने मळ आणखी आत ढकलला जातो. मधुमेह असेल तर घरी खटाटोप नको, मधुमेहींच्या कानातला साधा जंतुसंसर्गही हाडापर्यंत जाऊ शकतो.

सर्वांत मोठं नुकसान पैशांचं नाही, वाया गेलेल्या दिवसांचं आहे. एका कानाने एकाएकी कमी ऐकू येऊ लागलं, तर तेही दडा बसल्यासारखंच वाटतं, पण दोष नसेचा असू शकतो. तोंड मिटून 'म्म्म' करून पाहा. आवाज चांगल्या कानात मोठा वाटला, तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करा. स्टिरॉइड सुरू करायचं ठरलं, तर त्याचा सर्वाधिक उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो, आणि नेमके तेच दिवस कँडलच्या बैठकांत निघून जातात.