पोर्ट इंजेक्शन की डायरेक्ट इंजेक्शन?

पेट्रोल इंजिनात इंधन फवारण्याच्या या दोन पद्धती. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग, इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरात हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) मागे बसतो आणि साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल फवारतो. डायरेक्टमध्ये त्याचं तोंड थेट सिलिंडरात उघडतं. कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालणारा पंप २०० ते ३५० बार दाब देतो.

डायरेक्टचा खरा फायदा गारव्यात आहे. पेट्रोलच्या थेंबांची सिलिंडरातच वाफ होते आणि ती आतल्या हवेची उष्णता ओढून घेते. हवा थंड झाली की नॉकिंग (इंधनाचं अवेळी, ठोके देत जळणं) टळतं, कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) वाढवता येतो आणि मायलेज सुधारतं. पोर्टमध्ये ही उष्णता बरीचशी तापलेल्या व्हॉल्व्हकडून घेतली जाते, त्यामुळे हवा तेवढी गार होत नाही.

काजळीच्या बाबतीत मात्र पोर्ट सरस. तिथे इंधनाला हवेत मिसळायला वेळ मिळतो. डायरेक्टमध्ये जेमतेम काही मिलिसेकंद. इंजिन थंड असताना फवारा पिस्टनच्या माथ्यावर आदळला, की तिथे ओला थर राहतो आणि अर्धवट जळून सूक्ष्म कण सोडतो. युरो ६ या युरोपीय प्रदूषण नियमांमध्ये अशा गाड्यांना किलोमीटरमागे ६०,००० कोटी कणांची मर्यादा आहे. त्यासाठी अनेकदा एक्झॉस्टमध्ये फिल्टर बसवावा लागतो.

दुसरी कटकट इनटेक व्हॉल्व्हची. पोर्टमध्ये पेट्रोल ते धुऊन काढतं. डायरेक्टमध्ये क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) आलेली तेलाची वाफ व्हॉल्व्हच्या दांड्यावर करपत जाते. टाकीत क्लीनर ओतून उपयोग नाही, कारण तो तिथवर पोचतच नाही! बहुतेकदा मॅनिफोल्ड (हवा आत नेणारी नळ्यांची जोडणी) उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुसा मारून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात.

दोन्ही इंजेक्टर असलेली इंजिनं आम्हाला सर्वांत पटतात: हलक्या लोडला पोर्ट, जड लोडला डायरेक्ट.