मिलान की आइंडहोवन: एकाच डिझाइन महोत्सवाला जायचे असेल तर

फर्निचर, दिवे किंवा अंतर्गत सजावटीच्या व्यवसायातील ज्या कोणाला युरोपातील एकाच डिझाइन महोत्सवाचा खर्च परवडणार आहे, त्याने एप्रिलमधील इटलीतले मिलान आणि ऑक्टोबरमधील नेदरलँड्समधले आइंडहोवन यांची तुलना आधी करावी. दोन्हींसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि दोन्हीकडे अख्खे शहर प्रदर्शन बनते; साम्य जवळपास इथेच संपते.

मिलानचा पाया व्यापाराचा आहे. इटालियन फर्निचरची निर्यात वाढावी म्हणून १९६१ मध्ये 'सालोने देल मोबिले' हे फर्निचरचे प्रदर्शन सुरू झाले आणि आजही शहराबाहेर रो येथील प्रदर्शन-संकुलात उत्पादक, वितरक आणि वास्तुरचनाकार समोरासमोर बसून सौदे ठरवतात. त्याच आठवड्यात शहरातील ब्रेरा, तोर्तोना या भागांत 'फुओरीसालोने', म्हणजे मुख्य प्रदर्शनाबाहेरची प्रदर्शने, भरते. तेव्हा एरवी बंद असणारे जुन्या हवेल्यांचे चौक पाहायला मिळतात, मात्र नामांकित दालनांबाहेर रांगेत तिष्ठावे लागते. सालोनेतील दिव्यांचे प्रदर्शन 'एउरोलुचे' विषम वर्षी आणि स्वयंपाकघरांचे 'एउरोकुचिना' सम वर्षी असते, त्यामुळे दिव्यांच्या व्यापाऱ्याने सम वर्षाचे तिकीट काढू नये.

आइंडहोवन हे फिलिप्सचे गाव. कंपनीचा स्ट्राइप-एस हा परिसर बाहेरच्यांना बंद असल्याने त्याला 'निषिद्ध नगरी' म्हणत. आता त्याच कारखान्यांत 'डच डिझाइन वीक' नऊ दिवस चालतो. येथे मागणी नोंदवण्याजोगा माल थोडा आणि नमुने व प्रयोग अधिक असतात. पण वस्तू घडवणारा बहुधा तिच्याशेजारीच उभा असल्याने सांधा कसा बसवला, कच्चा माल कुठून आणला, हे त्यालाच विचारता येते. तेथील डिझाइन अकादमीच्या पदवीधरांचे प्रदर्शन तर चुकवूच नये. डच डिझायनर पीट हाइन एक (Eek) यांनी १९९० मध्ये याच संस्थेतून पदवी घेताना टाकाऊ लाकडाचे कपाट केले होते. तुकड्यांचे जुने, उडालेले रंग तसेच ठेवणारे त्यांचे काम पाहिले, की पाडलेल्या वाड्यांचे सागवान आपण कसे वापरतो याचा (निदान मला तरी) फेरविचार करावासा वाटतो. फिलिप्सच्याच एका जुन्या कारखान्यात त्यांची कार्यशाळा आणि दुकान आहे.

ज्याला आयात करायची आहे किंवा वितरक गाठायचे आहेत, त्याने निःशंक मिलानला जावे, मात्र सर्वसामान्यांची गर्दी टाळण्यासाठी शनिवार-रविवार सोडून. ज्याचा स्वतःचा लहान कारखाना आहे आणि जो पुढच्या दोन-तीन वर्षांत काय बनवावे या विचारात आहे, त्याला मी आइंडहोवनच सुचवेन. मिलानमध्ये त्या आठवड्यात खोल्यांचे दर कडाडतात, तेव्हा तिकडचे ठरल्यास विमानाच्या तिकिटाआधी राहण्याची सोय पाहावी.