प्रिसिजन, जॅझ की आणखी काही? बेस घेताना काय पाहायचं आणि काय नंतरवर सोडायचं

पहिला किंवा दुसरा बेस गिटार घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा रंग, पिकअपची (तारांची थरथर विजेत उतरवणाऱ्या चुंबकी भागाची) कंपनी आणि ब्रिजचा (तारांचं खालचं टोक धरणाऱ्या पट्टीचा) चकचकीतपणा यांत अडकतो. यातलं जवळजवळ सगळं पुढे बदलता येतं. नेकची (डाव्या हातातल्या दांड्याची) रुंदी, तारेची लांबी (म्हणजेच स्केल), पिकअपची जागा आणि खांद्यावर येणारं वजन मात्र घेतलं तसंच राहतं. म्हणून इथे तुलना आधी या न बदलणाऱ्या गोष्टींची केली आहे. तारा, पिकअप, प्रीअँप (बेसमध्येच बसणारं, आवाज वाढवणारं सर्किट) हे त्यानंतर.

बाजारातले बहुतेक बेस चार जुन्या घराण्यांपैकी कुठल्या तरी एकाचे वंशज असतात. नाव वेगळं असलं तरी मापं आणि पिकअपची जागा पाहिली की घराणं ओळखू येतं.

| | प्रिसिजन | जॅझ | स्टिंगरे | मस्टँग |
|---|---|---|---|---|
| पहिल्यांदा आला | 1951 | 1960 | 1976 | 1966 |
| स्केल | 34 इंच | 34 इंच | 34 इंच | 30 इंच |
| नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) रुंदी | 41 ते 44 मिमी | 38 मिमी | 41 ते 43 मिमी | 38 मिमी |
| पिकअप | दोन तुकड्यांचा एक | दोन सिंगल कॉइल (एकेरी वेढ्यांचे) | ब्रिजकडे एक हंबकर (गुणगुण मारणारा, दुहेरी वेढ्यांचा) | दोन तुकड्यांचा एक, छोटा |
| बॅटरी | नाही | मूळ रचनेत नाही | आहे | नाही |

प्रिसिजन आणि जॅझ

खरा घोळ इथेच होतो. दोन्ही लिओ फेंडरच्या कारखान्यातले, दोन्हींचं स्केल 34 इंच, आणि तरी हातात घेतल्यावर वेगळे.

आधी नेक. जॅझचा नेक नटपाशी अरुंद, म्हणून ‘हात लहान असेल तर जॅझ घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. अरुंद नेकवर तारा जवळ येतात, अंगठा मागे सहज फिरतो, ई तारेवरून जी तारेवर जाताना मनगट कमी वळतं. पण दोन फ्रेटमधलं (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर स्केलवर ठरतं, नेकच्या रुंदीवर नाही. 34 इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत साधारण 130 मिमी अंतर असतं, मग तो प्रिसिजन असो वा जॅझ. 30 इंची बेसवर तेच 114 मिमीच्या आसपास येतं. पहिल्या चार फ्रेटवर बोटं ताणली जाऊन हात दुखत असेल तर जॅझ घेऊन ते दुखणं जाणार नाही, शॉर्ट स्केलने, म्हणजे 30 इंची बेसने जाईल. तारा ओलांडताना अडखळत असाल तर मात्र जॅझचा नेक आवडेल. उलट तारा अगदी जवळ आल्या की काहींची बोटं शेजारच्या तारेला लागतात. त्यांना प्रिसिजनची ऐसपैस रुंदी बरी वाटते.

आता पिकअपची जागा. तार ब्रिजजवळ फार कमी हलते, तिथे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर निघणारे उंच सूर) जास्त पकडले जातात आणि आवाज कडक, नाकातून आल्यासारखा होतो. नेककडे सरकावं तसा खर्ज भरत जातो. प्रिसिजनचा पिकअप या दोन्हींच्या मध्ये आहे. बँडमध्ये बास ड्रम खाली आणि गिटार वर असताना जी जागा मोकळी राहते, तिथे तो आपोआप बसतो. नॉब दोनच, आवाज आणि टोन. फार काही ठरवावं लागत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

जॅझवर दोन पिकअप आणि दोघांचे वेगळे व्हॉल्यूम. दोन्ही पूर्ण उघडले की दोन जागांवरून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळताना मधल्या पट्टीतला काही भाग खाऊन टाकतात. खोलीत एकट्याने वाजवताना हा आवाज फार देखणा लागतो, आणि दुकानात जॅझ पटकन पसंत पडतो तो त्यामुळेच. बँडमध्ये हाच आवाज कधीकधी दबतो. ई तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झच्या आसपास. लहान स्पीकर तो धड काढतही नाही, आणि कान वरच्या स्वरांशांवरून तो ओळखतो. म्हणून बेसच्या मधल्या पट्टीला इतकं महत्त्व. जॅझवर एक व्हॉल्यूम थोडा कमी केला की ही पट्टी परत येते. नेककडचा कमी केला तर आवाज टोकदार होतो, ब्रिजकडचा कमी केला तर गोल.

पण त्याबरोबर गुणगुणही येते. 1957 पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत आहे. दोन्ही तुकड्यांचे वेढे आणि चुंबकांची दिशा उलटसुलट असल्याने बाहेरून आलेली विजेची गुणगुण आपसांत नाहीशी होते. जॅझचे दोन पिकअप मिळून हेच काम करतात, पण दोन्ही सारखे उघडे असतील तरच. एकट्यावर गेलात की गुणगुण सुरू. स्टेजवर ती फारशी जाणवत नाही. संगणकासमोर बसून रेकॉर्ड करणाऱ्याला मात्र रोज जाणवेल.

वाजवणाऱ्यांकडे पाहिलं तरी फरक कळतो. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमर्सन 1962 च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा लावून, उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवत असे. तारा तुटल्याखेरीज तो बदलत नसे. वेदर रिपोर्टचा बेसवादक जाको पास्टोरियस याचा 1962 चा जॅझ फ्रेटलेस (फ्रेट काढलेला) होता, राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या) तारांचा, आणि हात बराचसा ब्रिजकडच्या पिकअपवर. एकाला गाण्याखालची जमीन घट्ट करायची होती, दुसऱ्याला बेसनेच गायचं होतं.

काय वाजवायचं ते अजून ठरलं नसेल आणि बँडमध्ये वाजवणार असाल तर प्रिसिजन घ्या. एकाच कार्यक्रमात चार तऱ्हेची गाणी असतील, नॉब फिरवत राहायची हौस असेल, तर जॅझ. आणि ‘पीजे’? प्रिसिजनचा पिकअप, शिवाय ब्रिजकडे जॅझचा एक. कागदावर दोन्हींचा फायदा. प्रत्यक्षात ब्रिजकडचा पिकअप बहुधा दुबळा असतो, एकटा वाजवला तर गुणगुणतो आणि दोन्ही मिसळले की प्रिसिजनची जाडी जाते. पीजे घेतलाच तर मुख्यतः प्रिसिजन म्हणून वापरायच्या तयारीने घ्या.

स्टिंगरे

मोठा हंबकर, ब्रिजच्या जवळ, आणि मागे बॅटरीवरचा प्रीअँप. स्लॅप करणाऱ्यांना (अंगठ्याने तारेवर ठोके मारून वाजवणाऱ्यांना) हा लगेच आवडतो, कारण अंगठ्याचा ठोका आणि वरची झिंग दोन्ही स्वच्छ निघतात. अडचण एवढीच की तो कुठेही स्टिंगरेच वाटतो. मागे राहून वाजवायचं असेल तर टोन बराच उतरवावा लागतो.

बॅटरीबद्दल. नऊ व्होल्टची बॅटरी बेसमध्ये केबल घुसवल्याबरोबर खर्च व्हायला लागते, वाजवा अगर न वाजवा. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची सवय नसेल तर अ‍ॅक्टिव्ह (म्हणजे बॅटरीवरचा) बेस ऐन वेळी दगा देईल. पॅसिव्हवर (बॅटरीशिवाय) जाण्याचा स्विच असलेला प्रीअँप असेल तर बरं. नसेल तर बॅटरी संपली की आवाजच बंद.

शॉर्ट स्केल आणि पाच तारा

शॉर्ट स्केल म्हणजे लहान मुलांचा बेस, हा गैरसमज सोडा. पॉल मॅकार्टनीचा हॉफनर 30 इंचीच. तोच सूर, पण तार आखूड, म्हणून ताण कमी आणि आवाज मऊ, फुगीर. खालचे सूर किंचित ढिले लागतात, आणि तार आणखी उतरवून वाजवणाऱ्यांना तो नकोसाच वाटेल. तारा घेताना शॉर्ट स्केलच्याच घ्या. लांब तार लावली तर तिचा जाड भाग खुंटीभोवती गुंडाळला जातो आणि तिथेच ती कमजोर होते.

पाच तारांचा बेस ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून घेऊ नका. खालच्या बी तारेचा सूर 31 हर्ट्झच्या आसपास. ती घट्ट वाटावी म्हणून काही बनवणारे स्केल 35 इंच करतात, म्हणजे फ्रेट आणखी लांब. नेक रुंद होतो, न वाजणारी एक जास्तीची तार सतत दाबून ठेवावी लागते. गाण्यांत खालचा डी एवढाच लागत असेल तर ई तार डीवर उतरवणारी खटक्याची खुंटी बसवता येते. अख्ख्या बेसपेक्षा कितीतरी स्वस्त.

वजन कागदावर साडेतीन ते साडेचार किलो एवढंच दिसतं. बेस पट्टा लावून उभं राहून धरा आणि डावा हात सोडा. नेक जमिनीकडे झुकला तर पुढे प्रत्येक कार्यक्रमात डावा हात तो तोलत बसेल. वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पोचत असेल तर तोल सहसा ठीक असतो. हलक्या खुंट्या आणि रुंद, खरखरीत पट्टा यांनी थोडं सुधारतं, थोडंच.

नंतर काय बदलायचं, आणि कुठल्या क्रमाने

आधी तारा. राउंडवाउंडवरून फ्लॅटवाउंडवर गेलात तर तोच बेस ओळखू येणार नाही. झिंग जाते, सरकताना बोटांची खरखर बंद होते, सूर थोडक्यात येतो आणि थांबतो. फ्लॅट वर्षानुवर्षं टिकतात. राउंड काही महिन्यांत मंदावतात, किती लवकर ते हाताच्या घामावर. स्टीलच्या तारा निकेलपेक्षा चमकदार वाजतात आणि फ्रेट लवकर झिजवतात. फ्रेटलेसवर राउंड लावाल तर त्या फिंगरबोर्डच्या लाकडात चरे पाडतील. पास्टोरियसने त्यासाठी लाकडावर इपॉक्सीचा थर चढवला होता. फ्रेटलेसच्या आवाजातली तंबोऱ्याच्या जवारीसारखी ओढ फ्लॅटनेही मिळते, जरा कमी.

मग पिकअपची उंची. याला फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि निम्म्या लोकांना नवीन पिकअप हवा असतो तो खरं तर इथल्या स्क्रूच्या दोन फेऱ्यांमुळे. पिकअप वर घेतला की आवाज वाढतो. फार वर घेतला तर चुंबक तार ओढतो, सूर डळमळतो आणि लवकर विरतो.

एवढं करूनही समाधान नसेल तर पिकअप बदला. प्रिसिजनचे बहुतेक पिकअप एकमेकांच्या जागी बसतात. जॅझचे दोन पिकअप सारख्या लांबीचे नसतात, ब्रिजकडचा किंचित लांब असतो. जोडी मागवताना हे न पाहिल्यास एक खाचेत शिरणारच नाही. जॅझवर माझा आवडता बदल याहून स्वस्त आहे. ओढून वर येणारा पॉट (नॉबखालचा फिरता भाग) बसवून दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक) जोडायचे. मधली पट्टी भरून येते आणि गरज पडली तर जॅझ बराचसा प्रिसिजनच्या वाटेला जातो. उलटं, प्रिसिजनचा जॅझ करायला लाकूड कोरावं लागतं.

जाड, वजनदार ब्रिजबद्दल खूप बोललं जातं. आवाजात मला तरी फरक मोजका वाटतो. सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) हलत नाहीत आणि बेसचा मागचा भाग जड होतो, एवढा फायदा पक्का.

देखभाल

तारांची जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो, म्हणून सेटअप पुन्हा करावा लागतो. क्रम चुकवू नका. आधी सूर लावा, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागतो का ते).

बाक पाहायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजा. 0.3 ते 0.35 मिमी बहुतेकांना चालते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि नेकला जरा वेळ द्या. रॉड कडक लागला की थांबा. तो तुटला तर दुरुस्ती बेसच्या किमतीला पोचू शकते. मग सतराव्या फ्रेटपाशी उंची मोजा. ई तार 2.4 मिमी आणि जी तार 2 मिमीपासून सुरुवात करा. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागेल. इंटोनेशनला बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला हलकेच बोट लावून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. जुन्या, मेलेल्या तारांवर हे करत बसू नका, जुळणारच नाही.

हवेतला ओलावा बदलला की नेक हलतो, त्यामुळे ऋतू बदलताना बाक पुन्हा पाहावा लागतो. बेसमध्ये बिघाड नसतानाही बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर) येतो तो बहुतेक यामुळेच.

वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, तारेखालूनही. रोजवूडच्या फिंगरबोर्डवर तारा बदलताना तेलाचा अगदी पातळ हात फिरवला तरी पुरे. लॅकर केलेल्या मेपलवर तेल लावायचं कारण नाही. नॉब खरखरत असतील तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तो मागेपुढे फिरवा. प्रिसिजनवर असे पॉट दोन, जॅझवर तीन. जाड तार कापण्याआधी काटकोनात वाकवून घ्या आणि मगच कापा, नाहीतर आतला गाभा वेढ्यांतून सरकतो आणि तार लावल्यापासूनच मेल्यासारखी वाजते.

जुना बेस घेत असाल तर यातलं एक तपासणं दुकानातच करून घ्या. ट्रस रॉड घट्ट करायची नट दोन्हीकडे थोडी फिरते का, ते विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांगा. ती आधीच शेवटपर्यंत घट्ट असेल आणि तरी नेकला बाक असेल, तर पिकअप कितीही चांगला असो, तो बेस परत ठेवा.