बटाट्याचे तोंडीलावणे: भाजावे, कुस्करावे, उकडावे की तळावे?

मुख्य पदार्थ ठरल्यानंतर त्याच्या जोडीला बटाट्याचे काय करावे, हा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि त्याचे उत्तर आवडीवरून दिले जाते. ज्याला कुरकुरीत आवडते तो भाजतो, ज्याला मऊ आवडते तो कुस्करतो. आवडीला अर्थातच महत्त्व आहे; परंतु घरी केलेला बटाटा फसतो तो आवड चुकल्यामुळे नव्हे, तर हाती असलेला बटाटा त्या कृतीला साजेसा नसल्यामुळे, किंवा पदार्थ तयार झाल्यापासून पानात पडेपर्यंत इतका वेळ गेल्यामुळे की त्याचा मुख्य गुणच नाहीसा झाला. म्हणून पुढील तुलनेत प्रत्येक पद्धतीला हेच दोन प्रश्न विचारले आहेत: तिला कोणता बटाटा लागतो आणि ती किती वेळ थांबू शकते.

आधी बटाटा पारखावा

बटाट्यात जवळपास चार पंचमांश पाणी असते आणि उरलेल्या भागात मुख्यतः स्टार्च असतो. पिठूळ जातींमध्ये पाणी सोडून उरणारा भाग वजनाच्या 20 ते 22 टक्के किंवा त्याहून अधिक असतो, तर घट्ट गराच्या, ज्यांना आपण चिकट म्हणतो त्या जातींमध्ये तो 16 ते 18 टक्क्यांच्या आसपास राहतो. आकड्यांतला हा फरक लहान वाटला तरी पातेल्यात तो मोठा ठरतो. पिठूळ बटाट्याच्या पेशी शिजताना स्टार्चने फुगतात आणि एकमेकींपासून सहज सुटतात, त्यामुळे गर भुसभुशीत होतो आणि लोणी, दूध किंवा रस्सा शोषून घेतो. घट्ट गराच्या बटाट्यात पेशी एकमेकींना धरून राहतात, त्यामुळे फोडी शिजूनही अखंड राहतात.

जात माहीत नसेल तर एक साधी परीक्षा करता येते. मापाने एक भाग मीठ आणि अकरा भाग पाणी असे द्रावण करून त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा जड असल्याने बुडतो आणि घट्ट गराचा तरंगतो. मधल्या प्रकारचे बटाटे मात्र या परीक्षेत संदिग्ध उत्तर देतात, आणि तसे झाले तर ते भाजण्यासाठी वापरणे सर्वांत सुरक्षित.

साठवणीचाही निवडीवर परिणाम होतो. फ्रिजच्या थंडीत बटाट्यातील काही स्टार्चचे साखरेत रूपांतर होते, आणि असा बटाटा भाजला किंवा तळला की आत शिजण्यापूर्वीच बाहेरून काळपट होऊन कडवट लागतो. शिवाय 120 अंश सेल्सिअसच्या वर कोरड्या उष्णतेत तयार होणारे ॲक्रिलामाइड हे अनिष्ट द्रव्यही अशा बटाट्यात जास्त तयार होते. फ्रिजमध्ये राहिलेला बटाटा म्हणूनच उकडण्यासाठी ठेवावा, कारण उकळत्या पाण्याचे तापमान तिथवर पोहोचत नाही. हिरवट झालेला किंवा भरपूर कोंब आलेला बटाटा मात्र कोणत्याच पद्धतीला चालत नाही. त्यातील सोलॅनिन हे विषारी द्रव्य नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही.

भाजलेला आणि कुस्करलेला: खरी चुरस

पिठूळ बटाटा हाती असेल तर निवड प्रामुख्याने या दोघांत होते. दोन्हींना तोच बटाटा लागतो, दोन्हींची सुरुवात उकडण्यापासून होते आणि तरीही पानातील दोघांचे काम अगदी वेगळे असते.

भाजलेल्या बटाट्याची चव त्याच्या कडेत असते. साधारण 140 अंशांच्या वर साखर आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगातून जो खमंगपणा येतो, तो पाण्यात उकडून कधीच येत नाही. मात्र ही कड जाड आणि कुरकुरीत व्हायची असेल तर कच्च्या फोडी थेट ओव्हनमध्ये टाकणे पुरेसे नाही. मोठ्या फोडी मिठाच्या पाण्यात कडा सुटू लागेपर्यंत उकडाव्या, पाणी पूर्ण निथळू द्यावे, पातेले झाकून जरा हलवून त्यांचा पृष्ठभाग खरबरीत करावा, आणि मग आधीच तापवलेल्या तेलात किंवा तुपात घोळवून 200 ते 220 अंशांवर 40 ते 50 मिनिटे भाजाव्या. खरबरीत पृष्ठभागावर स्टार्चचा जो लेप बसतो तोच पुढे कवच बनतो. उकडताना दोन लिटर पाण्याला अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला तर हे आणखी सोपे होते, कारण क्षारधर्मी पाण्यात पेशींना जोडणारे पेक्टिन लवकर विरघळते. ट्रेमध्ये फोडींची गर्दी झाली तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते, म्हणून दोन फोडींमध्ये बोटभर अंतर ठेवणे हे मसाल्यांच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. लसूण आणि ताजी पाने शेवटच्या दहा मिनिटांतच घालावी. आधी घातली तर ती जळतात.

भाजलेल्या बटाट्याचा दोष एकच, पण तो गंभीर आहे: त्याला थांबता येत नाही. ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आतील ओलावा कवचात उतरतो आणि इतक्या कष्टाने आणलेला कुरकुरीतपणा ओसरू लागतो. झाकण ठेवले तर त्याहूनही लवकर. जेवणारे कधी बसतील याची खात्री नसेल, तर हा पदार्थ निवडू नये.

कुस्करलेला बटाटा, म्हणजे मॅश, नेमक्या याच बाबतीत सरस आहे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवलेला मॅश अर्धा-पाऊण तास उत्तम राहतो, आणि घट्ट झालाच तर चमचाभर गरम दुधाने पूर्ववत होतो. ज्या मुख्य पदार्थाला भरपूर रस्सा किंवा सॉस आहे त्याच्या शेजारी मॅशची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. उलट कोरड्या, भाजलेल्या मुख्य पदार्थाशेजारी तो थोडा मंद वाटतो.

मॅश बिघडतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने. शिजलेल्या बटाट्याच्या पेशी फुगलेल्या स्टार्चने भरलेल्या असतात; त्या फोडल्या की स्टार्च बाहेर पडून सगळ्याचा चिकट लगदा होतो. मिक्सर हे काम काही सेकंदांत करतो, म्हणून त्याचा मोह टाळावा आणि गर गरम असतानाच चाळणीतून किंवा दाबयंत्रातून काढावा. बटाटे थंड पाण्यात घालून तापवावे, म्हणजे बाहेरचा भाग विरघळण्यापूर्वी आतला शिजतो. निथळल्यावर रिकाम्या पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटे परतून वाफ घालवावी, आधी लोणी आणि मग गरम दूध मिसळावे. अधिक काटेकोर परिणाम हवा असेल तर फोडी सुमारे 70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून, गार पाण्याखाली पूर्ण थंड करून, नंतर नेहमीसारख्या शिजवाव्या. या टप्प्यात फुगलेला स्टार्च थंड होताना पेशींच्या आत घट्ट बसतो आणि पुढे कुस्करताना कमी सुटतो. रोजच्या जेवणासाठी इतका खटाटोप करण्याची गरज नाही. पाहुण्यांसाठी अगदी रेशमी पोत हवा असेल तर तो सार्थकी लागतो.

दोन्हींत चव कुणाची श्रेष्ठ, असे विचारले तर माझे मत भाजलेल्याच्या बाजूने आहे. तरीही अनेक पदार्थ एकाच वेळी सांभाळायचे असतील आणि ओव्हन आधीच दुसऱ्या कशासाठी अडकलेला असेल, तर मी मॅशच सुचवेन. भाजलेला बटाटा स्वयंपाक्याचे शेवटचे वीस मिनिटांचे लक्ष मागतो आणि नेमकी तीच मिनिटे सर्वांत महाग असतात.

घट्ट गराचा बटाटा असेल तर

येथे निवड सॅलड आणि तव्यावर परतलेल्या फोडी यांत होते. सॅलडचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते आदल्या दिवशी करता येते, किंबहुना तसेच करावे, कारण मुरल्यावर ते अधिक चांगले लागते. उकडलेल्या फोडी गरम असतानाच त्यांवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आणि मीठ शिंपडावे. गरम फोडी ते आत ओढून घेतात, थंड झालेल्यांवर ते नुसते वरवर राहते. तेल, मोहरीची चटकदार पेस्ट, दही किंवा मेयोनेज यांची पाळी फोडी निवल्यावर येते. उकडण्याच्या पाण्यातच थोडे व्हिनेगर घातल्यास आम्लामुळे पेक्टिन टिकते आणि फोडींच्या कडा फुटत नाहीत. याच कारणाने टोमॅटोच्या आंबट रस्स्यात घातलेले कच्चे बटाटे शिजायला फार वेळ घेतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. हाती फक्त पिठूळ बटाटा असेल आणि सॅलडच करायचे असेल, तर फोडी 55 ते 60 अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवून मग शिजवाव्या. त्या तापमानाला पेशींमधील एक विकर पेक्टिनला बळकटी देते आणि फोडी बऱ्याच अंशी आकार धरतात.

परतलेल्या फोडी हा घाईच्या वेळचा मार्ग. उकडून थंड केलेल्या बटाट्याच्या चकत्या जाड बुडाच्या तव्यावर, एका थरात, वारंवार न उलटता परतल्या तर पंधरा मिनिटांत भाजलेल्याच्या जवळपास जाणारी चव मिळते. कच्च्या फोडींनी सुरुवात केली तर वेळ दुप्पट लागतो आणि तेलही अधिक. चारापेक्षा अधिक माणसांसाठी मात्र हा मार्ग गैरसोयीचा आहे, कारण तव्याचा तळ मर्यादित असतो आणि दुसरी खेप होईपर्यंत पहिली निवते.

क्रीममध्ये बेक केलेले थर

पातळ चकत्या क्रीम, दूध, लसूण आणि चीज यांच्यासोबत थरांत लावून बेक करणे, म्हणजे ग्रॅटिन, हा या यादीतील सर्वांत जड पण सर्वांत निश्चिंत प्रकार आहे. सुमारे 3 मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापून झाल्यावर धुऊ नयेत, कारण त्यांच्यावरील स्टार्चनेच क्रीम दाटते. तळण्यासाठीच्या फोडी धुवायच्या असतात, त्याच्या नेमके उलट. 160 ते 170 अंशांवर सव्वा ते दीड तास लागतो, पण त्या वेळात त्याच्याकडे पाहावे लागत नाही. नुसत्या दुधात केले तर ते फाटून दाणेदार होण्याची शक्यता असते, म्हणून निदान निम्मे क्रीम असावे. ओव्हनमधून काढल्यावर वीस मिनिटे थांबवले तर थर नीट कापता येतात, आणि याच कारणाने पाहुण्यांची वाट पाहत थांबण्यासाठी यासारखा दुसरा पदार्थ नाही. बटाटा पिठूळ असो वा मधल्या प्रकारचा, दोन्ही चालतात. मात्र मुख्य पदार्थच तुपकट किंवा क्रीमयुक्त असेल तर ग्रॅटिन टाळावे. अशा वेळी व्हिनेगरचे सॅलड पानाला हलके करते.

तळणे आणि एअर फ्रायर

तळलेल्या फोडी आवडत नाहीत असा माणूस विरळा, तरीही रोजच्या तोंडीलावण्यासाठी हा पर्याय मी शेवटी ठेवतो. चांगल्या फोडींसाठी पिठूळ बटाटा कापून, पाण्यात अर्धा तास भिजवून, पूर्ण कोरडा करून आधी 150 ते 160 अंशांवर न रंगवता शिजवावा लागतो आणि नंतर 180 ते 190 अंशांवर कुरकुरीत करावा लागतो. भरपूर तेल, त्याचा वास आणि जेवणाऱ्यांपासून तुटून कढईपाशी उभे राहणे हे सगळे ओघानेच येते. रंग सोनेरी पिवळा आला की थांबावे, तपकिरी होऊ देऊ नये. एअर फ्रायर हे खरे तर वेगाने हवा फिरवणारे छोटे ओव्हन आहे. त्यात चमचाभर तेलावर, 200 अंशांवर, सुमारे वीस मिनिटांत दोघा-तिघांपुरत्या छान फोडी होतात, परंतु त्यांची तुलना तळलेल्यांशी न करता भाजलेल्यांशी करावी. ती कसोटी लावली तर ते यंत्र निराश करत नाही.

उरले तर

दुसऱ्या दिवसाचाही विचार आधीच केला तर निवड आणखी स्पष्ट होते. शिजलेला बटाटा दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. झाकून फ्रिजमध्ये ठेवल्यास तो तीन-चार दिवस चांगला राहतो. ग्रॅटिन चौकोनी कापून पुन्हा गरम केले तर पहिल्या दिवसाइतकेच चांगले लागते. भाजलेल्या फोडी मायक्रोवेव्हमध्ये चामड्यासारख्या होतात, परंतु तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा तव्यावर दहा मिनिटांत बऱ्यापैकी सावरतात. थंड मॅश दूध घालून गरम केला तरी पहिल्यासारखा मऊ होत नाही, कारण थंडीत स्टार्च पुन्हा घट्ट होतो; त्याऐवजी त्यात एक अंडे आणि थोडे पीठ मिसळून चपट्या वड्या थापाव्या आणि थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस परताव्या. तळलेल्या फोडींसाठी असा उपाय नाही, म्हणून त्या मोजूनच कराव्या.