वजन आणि हॉर्सपॉवर टाका, शून्य ते शंभर मिळवा: या कॅल्क्युलेटरांवर किती विसंबावं?

गाडीचं वजन आणि हॉर्सपॉवर भरली की 'शून्य ते शंभर'चा वेळ सांगणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. साधन म्हणून ते कामाचे आहेतच, पण पडद्यावर दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसले म्हणून उत्तर तेवढं अचूक असतं असं नाही. सूत्र आत काय करतं ते कळलं की त्यातून पुष्कळ काही काढता येतं.

मूळ हिशेब ऊर्जेचा आहे. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.७८ मीटर. चालकासकट १२०० किलोची गाडी या वेगाला न्यायला सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात. १२० पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) इंजिन म्हणजे ८८ किलोवॉट. भागाकार केला तर ५.२५ सेकंद येतात. अशी गाडी प्रत्यक्षात साधारण दहा-अकरा सेकंद घेते, कारण पूर्ण ताकद एका ठरावीक आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांनाच) मिळते. क्लच सुटताना आणि प्रत्येक गिअर चढल्यावर इंजिन त्या आरपीएमच्या खाली असतं. त्यात गिअरबॉक्समधली दहा-पंधरा टक्के घट आणि चाकं, फ्लायव्हील फिरवण्यात जाणारी ऊर्जा धरा. म्हणून साध्या पेट्रोल गाडीला 'वापर गुणक', म्हणजे पूर्ण ताकदीतला सरासरी कामी येणारा हिस्सा, ०.५ च्या आसपास धरतात: ५.२५ भागिले ०.५, म्हणजे १०.५ सेकंद. हवेच्या विरोधाला मात्र लोक उगाच दोष देतात. नेहमीच्या आकाराच्या कारला ताशी १०० वरही त्यापायी आठ-नऊ किलोवॉटच लागतात. ताशी १६० ला तोच खर्च चौपट होतो, तेव्हा तो जाणवतो.

दुसरं सूत्र पाव मैलाचं, म्हणजे थांबलेल्या गाडीला ४०२ मीटर कापायला किती वेळ लागतो त्याचं. पॅट्रिक हेल यांच्या सूत्रात वजन पौंडांत घ्यायचं, हॉर्सपॉवरने भागायचं, घनमूळ काढायचं आणि ५.८२५ ने गुणायचं. आपल्या उदाहरणात २६४६ पौंड आणि ११८ हॉर्सपॉवर, उत्तर १६.४ सेकंद. हे जरा आशावादी आहे. जागेवरून उत्तम सुरुवात झाली तरच एवढं जमेल. त्याच घनमुळाने २३४ ला भागलं की शेवटच्या टोकाचा वेग मिळतो: ताशी ८३ मैल, म्हणजे सुमारे १३४ किमी. कॅल्क्युलेटर वेळ आणि वेग दोन्ही देत असेल तर वेगावर जास्त भरवसा ठेवा. सुरुवातीला चाकं घसरली तर वेळ वाया जातो, पण ४०० मीटरनंतरचा वेग मुख्यतः ताकद आणि वजनावरच ठरतो. ट्यूनिंगनंतर ताकद खरंच वाढली का, हेही याच वेगावरून ओळखतात.

बहुतेक चुका आकडे भरण्यात होतात. हेल यांच्या सूत्रात पौंडांच्या जागी १२०० किलो तसेच टाकले तर उत्तर १२.६ सेकंद येतं. घरगुती गाडीसाठी असा आकडा दिसला की एकक तपासा. पीएस आणि हॉर्सपॉवर यांतला फरक दीड टक्क्याहून कमी, तो सोडून दिला तरी चालेल. वजनाचा घोळ मोठा. युरोपात जाहीर होणाऱ्या वजनात ७५ किलोचा चालक धरलेला असतो, इतर ठिकाणी बहुधा नसतो. चाकांवर मोजलेली ताकद टाकत असाल तर ०.५ चा गुणक चालणार नाही, तो वाढवावा लागेल, कारण गिअरबॉक्सची घट आधीच वजा झालेली असते. आणि कंपनीचा आकडा ताशी ६० मैलांचा असेल तर तो ९६.६ किमीचा आहे. १०० ला ऊर्जा सात टक्के जास्त लागते.

ताकदवान गाड्यांना मात्र ही सूत्रं पार फसवतात, कारण त्यांना टायरची पकड कळत नाही. बुगाटी वेरॉन या सुपरकारचं वजन १८८८ किलो, ताकद १००१ पीएस. ०.५ च्या गुणकाने उत्तर दोन सेकंद येतं. जाहीर आकडा २.५ आहे, तोही चारही चाकांना ताकद असताना. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. वजनाचा ६० टक्के भार पुढे, टायर आणि रस्ता यांतला घर्षणांक (पकडीचं माप) ०.९. वेग घेताना भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि प्रवेग गुरुत्वाच्या ४५ टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे इंजिन कितीही मोठं बसवा, सव्वासहा सेकंदांच्या आत शंभर नाही. १४०० किलो आणि ३०० पीएसला कॅल्क्युलेटर बिनदिक्कत ४.९ सेकंद सांगतो. पकडीची मर्यादा विचारणारा कॅल्क्युलेटर मिळाला तर तोच वापरा.

या कॅल्क्युलेटरांचा खरा उपयोग तुलनेला आहे. आपल्या गाडीचा खात्रीचा वेळ घ्या, समजा ११.२ सेकंद. गाडी वरच्या उदाहरणातलीच असेल तर ५.२५ ला त्याने भागलं की गुणक ०.४७ निघाला. आता हाच गुणक कायम ठेवून आकडे बदला. रीमॅप करून (इंजिनच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलून) १४० पीएस झाले तर ९.६ सेकंद. तीन माणसं आणखी बसली, वजन २२५ किलोंनी वाढलं, तर १३.३. हे अंदाज बरेच जवळ जातात, कारण गिअर आणि इंजिनचा स्वभाव तोच राहतो. इलेक्ट्रिक गाडीला गिअर बदलायचा नसतो, तिचा गुणक वेगळाच काढावा लागतो. पेट्रोलचा तिला लावू नका.

पडताळा घ्यायचा तर बंद ट्रॅकवर घ्या. सेकंदाला एकदाच नोंद करणारा जीपीएस इथे कुचकामी, दहा नोंदी करणारा हवा. चढाचंही भान ठेवा: अवघा एक टक्का चढ अशा गाडीचे सुमारे ०.४ सेकंद खातो. म्हणून त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी गाडी पळवून सरासरी काढा आणि गुणक त्या सरासरीवरून ठरवा.