गारखेड्यातलं गटिंगचं दुकान आणि त्याची अर्धी भिंत

संभाजीनगरात बॅडमिंटनच्या रॅकेट विकणारी दुकानं भरपूर आहेत, पण रॅकेट ओळखून गटिंग करणारा, म्हणजे तिच्यात स्ट्रिंगची जाळी ताणून भरणारा माणूस शोधावा लागतो. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाजवळच्या आतल्या गल्लीत एका गाळ्याचं असं दुकान आहे. पाटी लहान, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने संकुलात खेळायला आलेल्या कुठल्याही पोराला विचारावं, तो नेऊन सोडतो. आम्ही जालन्याहून येतो. माझी लेक चौदा वर्षांची आहे, जिल्ह्यात सिंगल्स खेळते, आणि तिच्या दोन्ही रॅकेटचं गटिंग आता इथेच होतं. जालन्यातून येण्या-जाण्यात अर्धा दिवस जातो, तरी मी येते.

कारण सांगते. आधी एका दुकानात रॅकेट दिली की दुसऱ्या दिवशी यायचं, तयार रॅकेट घ्यायची, एवढाच व्यवहार. ताण किती दिला हे सांगायचे नाहीत. एकदा फ्रेमच्या डोक्याचा आकारच बदलून आला, गोल असायची ती रॅकेट उभट झाली होती. इथले काका रॅकेट हातात घेतात ती आधी उजेडात धरतात. फ्रेमला बारीक तडा आहे का ते नखाने चाचपतात. मग भोकांमधल्या प्लास्टिकच्या नळ्या, म्हणजे ग्रोमेट, एकेक बघतात. फुटलेली नळी तशीच ठेवली तर स्ट्रिंग थेट कार्बनवर घासते आणि तिथेच तुटते. तसली नळी ते न विचारता बदलतात आणि तिचे पैसे लावत नाहीत. मशीन इलेक्ट्रॉनिक आहे, फ्रेमला सहा ठिकाणी आधार देणारं. उभ्या स्ट्रिंग मधून बाहेरच्या बाजूला भरत जातात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे फ्रेमवर एका अंगाने जोर येत नाही. हे सगळं आपल्यासमोर होतं. स्टूल आहे, पंखा आहे, बसून बघता येतं.

लेकीला ०.६५ मिलिमीटरची पातळ स्ट्रिंग हवी होती, तिच्या बॅचमधल्या मोठ्या मुली तीच वापरतात म्हणून. आवाज छान येतो तिचा. काकांनी रॅकेटवरच्या घासलेल्या खुणा बघितल्या आणि मला म्हणाले, "ताई, पोरगी अजून फ्रेमजवळ मारायली. पातळ स्ट्रिंग चार दिवसांत तुटंल. पैसे कशाला घालवायलात?" त्यांनी ०.७० मिलिमीटरची घातली, २२ पाउंड ताणावर. मोठे खेळाडू २८-३० पाउंडावर खेळतात हे लेकीला माहीत होतं, तिने तसं म्हटलंही. त्यांनी तिचं मनगट हातात धरलं आणि म्हणाले, "हे भरू दे, मग चढवू. घाई केली तर खांदा जाईल." महाग वस्तू घ्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तू देणारा दुकानदार माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आता भिंतीबद्दल, कारण या दुकानाबद्दल लिहायला बसले ती भिंतीमुळेच.

मशीनच्या मागे पूर्ण भिंतीवर ऑल इंग्लंड या बॅडमिंटनमधल्या जुन्या, मानाच्या स्पर्धेच्या पुरुष एकेरी विजेत्यांची यादी आहे. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून लिहून घेतलेली, पांढऱ्यावर निळी, देवनागरीत, वर्ष आणि नाव. सुरुवात १९६८ ला होते, रूडी हार्तोनोपासून. मग १९७४ पर्यंत सलग तेच नाव. सात ओळी एकाखाली एक हार्तोनो, १९७५ ला स्वेंड प्री, आणि १९७६ ला पुन्हा हार्तोनो. आठ वेळा जिंकणं म्हणजे काय, हे आकडा सांगून मुलांना कळत नाही, त्या ओळी बघून कळतं. लेक पहिल्यांदा आली तेव्हा ती बोट फिरवत खाली खाली जात होती आणि १९८० वर थांबली. ती ओळ लाल रंगात आहे, भारतीयाची म्हणून. प्रकाश पदुकोण.

गटिंग करता करता काका त्या ओळीबद्दल बोलतात, आणि ऐकण्यासारखं बोलतात. समोर इंडोनेशियाचा लियम स्वी किंग होता, आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता, उडी मारून स्मॅश मारण्यासाठी जगभर नावाजलेला. पदुकोणने त्याला १५-३, १५-१० असं हरवलं. किंगला मारायला मनासारखं फूल, म्हणजे शटल, मिळूच द्यायचं नाही, खेळाचा वेग आपल्या हातात ठेवायचा, नेटजवळ बोलवायचं, मागे ढकलायचं, असा तो खेळ होता. लेकीचा स्मॅश हलका आहे आणि त्याचं तिला फार वाईट वाटतं. त्या दिवशी काकांनी तिला एवढंच विचारलं, "पहिल्या गेममध्ये तीनच पॉइंट दिले त्याने किंगला. बाकीचे स्मॅशने किती थांबवले असतील?" घरी आल्यावर तिने जुन्या फिती शोधून बघितल्या. १५ चा गेम का, हेही तिने काकांकडूनच समजून घेतलं: तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा, बायकांच्या एकेरीचा गेम ११ चा असायचा, आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट देणारी २१ ची पद्धत २००६ पासून आली.

दुसरी लाल ओळ २००१ ची, पुल्लेला गोपीचंद. उपांत्य सामन्यात पीटर गेडला हरवलं, अंतिम सामन्यात चीनच्या चेन हाँगला, १५-१२, १५-६. गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन गेलेला माणूस हा. दोन लाल ओळींच्या मध्ये डेन्मार्कचा मॉर्टन फ्रॉस्ट चारदा येतो. खाली लिन डॅन सहा वेळा, ली चोंग वेई चार वेळा. २०२२ ला व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन. त्या अंतिम सामन्यात आपला लक्ष्य सेन होता, पण त्याचं नाव भिंतीवर नाही. १९४७ ला अंतिम फेरीत पोचलेले प्रकाश नाथही नाहीत, कारण यादी १९६८ पासूनची आणि तीही फक्त जिंकलेल्यांची. काका त्या बाबतीत कडक आहेत आणि मला ते पटतं. नंदू नाटेकरांचा मात्र वेगळा फोटो आहे, गल्ल्याच्या वर. सांगलीचा माणूस, १९५६ ला क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकून बॅडमिंटनमधलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय, १९६१ च्या पहिल्या अर्जुन पुरस्कारांतला मानकरी. फोटोला रोज हार असतो.

आणि आता माझी तक्रार. एवढ्या मोठ्या भिंतीवर एकाही बाईचं नाव नाही.

संकुलात संध्याकाळी निम्म्या मुली असतात. दुकानात आमच्यासमोर आलेल्या रॅकेटींतही मुलींच्या रॅकेटी कमी नसतात. त्या स्टुलावर बसून पाऊण तास हीच भिंत बघतात. माझ्या लेकीने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काका, मुलींमध्ये कोण जिंकलं?" काकांना सुसी सुसांती आठवली, कॅरोलिना मरीन आठवली, सायना हरली ती फायनल आठवली. म्हणजे माणसाला माहीत आहे. लिहिलेलं नाही एवढंच. आणि लिहिलेलं नसलं की पुढच्या मुलीला विचारायचंही सुचत नाही.

ही यादी काही लहान नाही. महिला एकेरी सुरू झाली १९०० साली, पुरुष एकेरीबरोबरच. पहिल्या विजेत्या एथेल थॉमसन, ज्यांनी पुढे १९१२ ला विम्बल्डनही जिंकलं. किटी मॅकेन यांनी चार वेळा ऑल इंग्लंड आणि दोनदा विम्बल्डन. सुसी सुसांती १९९०, ९१, ९३, ९४, आणि मध्ये १९९२ ला बार्सिलोनात सुवर्णपदक, बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये आलं त्या पहिल्याच वर्षी. ताई त्झू-यिंग तीनदा. कोरियाची आन से-यंग २०२३ आणि २०२५. २०२३ चं तिचं विजेतेपद कोरियाला महिला एकेरीत १९९६ च्या बँग सू-ह्युननंतर मिळालेलं पहिलं. माझ्या लेकीचा खेळ जिच्या वळणाचा आहे ती हीच, सगळी फुलं उचलणारी, समोरचीला दमवणारी.

आणि ज्यूडी हॅशमन. माहेरचं नाव डेव्हलिन. १९५४ ते १९६७ मध्ये दहा वेळा महिला एकेरीची विजेती. हार्तोनोपेक्षा दोन जास्त. तिचे वडील फ्रँक डेव्हलिन यांनी पुरुष एकेरी सहा वेळा जिंकली होती, बापाला लेकीने चारने मागे टाकलं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जागा करून बायकांचीही यादी काढू, इकडच्यासारखीच १९६८ पासून. तिथेच मी त्यांना थांबवलं. तिचं दहावं विजेतेपद १९६७ चं आहे. १९६८ पासून सुरू केलं तर जी सगळ्यांत वर असायला हवी तीच एका वर्षाने बाहेर राहते. हार्तोनोसाठी निवडलेलं साल तिला लावू नका.

सायनाला घ्या असं माझं म्हणणं नाही. २०१५ ला ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात पोचलेली ती पहिली भारतीय महिला, पहिला गेम २१-१६ जिंकली, नंतरचे दोन कॅरोलिना मरीनकडून १४-२१, ७-२१ गमावले. त्या ओळीत मरीनच हवी. जिंकलेल्यांचीच नावं हा नियम पुरुषांना आहे तोच मुलींना असावा. लाल ओळ अजून कुणाची नाही हे माझ्या लेकीने रोज बघितलं तरी चालेल. पण नाटेकरांच्या फोटोशेजारी देवधर भगिनींचा फोटो मात्र हवा. क्रिकेटच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या या मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती, ती आपल्याच पुण्यात राहून.

बाकीचं थोडक्यात. फुलं इथूनच घ्यावीत. कुठल्या गावात आणि कुठल्या महिन्यात खेळणार हे विचारून देतात. तापलेल्या हवेत फूल जास्त पळतं, म्हणून मार्चपासून पावसापर्यंत ते हळू पळणारी फुलं देतात, पिसांची ७६ नंबरची आणि नायलॉनची हिरव्या पट्टीची. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पिसं कडक होऊन तुटतात, त्यासाठी आदल्या रात्री फुलांचा डबा उघडून हलकी वाफ कशी द्यायची ते करून दाखवतात. रॅकेट एसटीच्या खिडकीत उन्हात ठेवू नका हेही दरवेळी सांगतात, गरमीने ताण उतरतो. गटिंगची मजुरी दीडशे, स्ट्रिंगचे पैसे वेगळे, बिल मागितलं की मिळतं. बूट इथे घेऊ नका, माप दोन-तीनच असतात. पार्किंग नाही, गाडी संकुलाकडे लावावी.

महिलांच्या यादीसाठी ग्रिपचा स्टँड ती भिंत सोडून दुसरीकडे हलवायचं ठरलं आहे. पेंटरला द्यायचा कागद लेकीने लिहून दिला आहे, १९०० पासून, स्पर्धा झाली नाही ती युद्धाची वर्षं रिकामी ठेवून. तिचं अक्षर मोठं आहे, पाच पानं झाली. मार्चमध्ये ऑल इंग्लंडच्या आठवड्यात दुकानात टीव्ही चालू असतो आणि संध्याकाळनंतर मशीनवर कुणाचा हात नसतो, तेव्हा त्या दिवसांत रॅकेट सकाळी अकराच्या आत द्या.