दोन लाईन, दोन बिलं आणि जमिनीत केबल एकच! नाशिकच्या युनिटवाल्यांनी जरूर वाचा

अंबड एमआयडीसीत आमच्या शेठचं मशीनिंगचं युनिट आहे, दुसरं सिन्नरला माळेगावात, आणि दोन्हीकडचं कॉम्प्युटर-नेटवर्क मीच बघतो. ईआरपीचा, म्हणजे स्टॉक-बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर अंबडला. सिन्नरवाले त्याच्यावरूनच इन्व्हॉइस काढतात, त्यामुळे दोन युनिटांमधली नेटवर्कची लाईन गेली की इन्व्हॉइस नाही, इन्व्हॉइस नाही म्हणून ई-वे बिल नाही आणि भरलेली गाडी गेटवर उभी.

म्हणून आम्ही बॅकअप लाईन घेतली आणि तिथेच फसलो. नेटवर्कवाल्याचं नाव लिहीत नाही कारण पैशाचं प्रकरण अजून चालू आहे. त्याचा सेल्सचा माणूस लॅपटॉप उघडून बसला, म्हणाला सर आता वायर कोण विकत घेतं, आम्ही तुमचं अख्खं व्हर्च्युअल नेटवर्क आमच्या इन्फ्रावर बसवून देतो, एक लिंक नाशिकरोड-शिंदेवरून आणि दुसरी घोटीवरून, रस्ता खोदला तरी तुमचं काम थांबणार नाही. नकाशावर लाल आणि हिरवी अशा दोन रेघा. लाल १८ हजार महिना, हिरवी ३१ हजार, का तर घोटीवरून लांब पडतं. लांब पडतं हे खरंच आहे, त्यामुळे आम्हाला ते पटलं. लाईन लागल्यावर त्याने शेठसमोर एका मॉडेमचा पॅचकॉर्ड उपसला, तीन सेकंदात सगळं दुसऱ्या लिंकवर गेलं. शेठ खूश.

आता त्या डेमोत काय तपासलं गेलं? फक्त आमचा राउटर! रस्त्यावर काय आहे ते तपासलंच नाही. व्हर्च्युअल लिंक म्हणजे कागदावरची रेघ असते, तिला कुठल्या तरी खऱ्या फायबरवर बसवावं लागतं आणि ते बसवणं पूर्ण कंपनीच्या हातात असतं. दोन वेगळे व्हीलॅन (म्हणजे एकाच केबलवर सॉफ्टवेअरने केलेले वेगळे कप्पे), दोन वेगळे आयपी, दोन बिलं, हे सगळं एकाच केबलमधून आरामात जातं. डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी ट्रेसराउट कमांड मारून पण कळत नाही, कारण मधले हॉप्स, म्हणजे वाटेतले राउटर, कंपनीच्या टनेलमध्ये लपलेले असतात.

गेल्या जुलैत सकाळी सव्वादहाला दोन्ही लाईन एकाच मिनिटाला गेल्या. शिंदे टोलनाक्याच्या पुढे जेसीबीने केबल तोडली होती. मी फोन करून करून थकलो, घोटीची का गेली याचं उत्तर कुणी देईना. दुपारी त्यांचा एक टेक्निशियन अंबडला आला, बिचारा साधा मुलगा, त्याने ओटीडीआर लावला. हे मशीन फायबरमध्ये प्रकाश सोडून तुटलेली जागा किती लांब आहे ते सांगतं. पहिल्या लाईनवर आकडा आला १९.३ किलोमीटर. मी म्हटलं दुसरीवर पण लाव. तिथे पण १९.३. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे तर एकाच खड्ड्यात आहे."

मी बाईक काढली आणि त्या खड्ड्यापाशी गेलो. पाऊस चालू, दोघं जण ताडपत्रीखाली स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेल्या फायबरची जोडणी करत बसलेले. केबल सोललेली होती, आत केसासारखे कोर, म्हणजे फायबरचे सुटे धागे, आणि आमचे दोन कुठले विचारलं तर एकाच ट्यूबमधला निळा आणि त्याच्या शेजारचा नारिंगी. ही आमची लाल लाईन आणि हिरवी लाईन! ३१ हजार महिना आम्ही त्या नारिंगीचे १४ महिने भरले, म्हणजे ४ लाख ३४ हजार, जीएसटी वेगळा. फोटो काढले, तेच आज कामाला येतायत. लाईन रात्री नऊला सुरू झाली, तोवर तीन गाड्या गेटवरच.

सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की हे पहिल्या दिवशीच पकडता आलं असतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. घोटीवरून सिन्नर सत्तरच्या वर आहे, तर पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, ०.७ मिलिसेकंदाच्या खाली येऊच शकत नाही. आमच्या विंडोजच्या मशीनवर नुसतं १ पेक्षा कमी एवढंच दिसायचं, म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही. नंतर लिनक्सवरून मारला, तिथे दशांशात आकडा दिसतो, तर दोन्ही लिंकवर ०.४!

जाब विचारायला गेलो तर साहेब म्हणतात, ॲग्रीमेंट वाचा, 'लॉजिकल डायव्हर्सिटी' लिहिलंय, म्हणजे लिंक फक्त कागदावर वेगळ्या, आणि कुठली लिंक कुठल्या फायबरवर बसवायची ते मॅपिंग सॉफ्टवेअर करतं, फार किचकट गणित असतं हो. खोटं आहे हे. बरीच ऑफिसं, प्रत्येकाची कपॅसिटी, असं अख्खं नेटवर्क बसवायचं म्हटलं तर गणित खरंच अवघड आहे. पण दोन ठिकाणांमध्ये एकमेकांना न शिवणारे दोन रस्ते काढायची पद्धत सुरबाले नावाच्या संशोधकाने १९७४ सालीच दिली आहे. मुळात त्यांना घोटीचा रस्ता घ्यायचाच नव्हता, सॉफ्टवेअरला नुसता जवळचा मार्ग विचारला की ते दोन्ही लिंक त्याच रस्त्याला टाकणार.

आता सिंहस्थाच्या कामांमुळे जिकडेतिकडे खोदकाम आहे, त्यामुळे कळकळीने सांगतो. ऑर्डरवर 'फिजिकल पाथ वेगळा' असं लिहून घ्या, रूटची केएमएल फाईल (नकाशावर रस्ता दाखवणारी फाईल) मागा आणि गूगल अर्थवर स्वतः उघडून बघा. केबल वेगळी पण डक्ट, म्हणजे जमिनीतला पाईप, एकच, असं पण होतं. दारणेवरचा चेहेडीचा पूल दोघींनाही लागतो का ते बघा. दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतली तरी विचारा, कारण छोट्या कंपन्या बऱ्याचदा एकाच मोठ्याचे कोर भाड्याने घेतात. आणि दोन्ही लाईनचा ओटीडीआर रिपोर्ट घेतल्याशिवाय पहिला चेक देऊ नका, लांबी सारखी आली तर तिथेच थांबवा.

आम्ही वकिलाची नोटीस पाठवली आहे, त्यांनी तीन महिन्यांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, शेठ म्हणतात १४ चे घेणार. दरम्यान दुसऱ्या कंपनीची घोटीवरून लाईन घेतली, रूट बघायला मी स्वतः पांढुर्लीपर्यंत जाऊन आलो. तिचा पिंग ०.९ येतो.